दुसऱ्या बाईचा आवाज

चूक माझी होती, हे आधीच लिहितो. सरांची पद्धत तीच होती: काय बिघडलं ते वर, काय जमलं ते खाली. मी एका बाईचा आवाज घ्यायला गेलो, उशिरा पोचलो आणि तिचा म्हणून दुसऱ्याच बाईचा आवाज घेऊन आलो. त्या खोट्यापायी ती बाई मरेपर्यंत बोलली नाही, आणि एका माणसाने कान शाबूत असताना आपलं काम बंद केलं. चार वर्षं हे मला माहीत होतं. त्या बाईशिवाय दुसऱ्या कुणाला माहीत नाही, अशी माझी समजूत होती.

सर आणि मी गडचिरोलीकडच्या एका आयटीआयमध्ये शिकवायचो. ते इलेक्ट्रॉनिक्सचे जुने निदेशक, मी त्यांच्या हाताखाली लागलेला. पहिल्या दिवशी त्यांनी मला 'जुनिअर' म्हटलं ते कायमचं. ते निवृत्त झाले, माझे केस पिकले, माझ्या मुलीचं लग्न झालं. त्या लग्नाच्या मांडवातही त्यांनी माझ्या व्याह्यांना सांगितलं, "हा आमचा जुनिअर. माणूस चांगला आहे, पण सोल्डर जाड लावते."

उंच, वाळलेला माणूस. शर्टाच्या खिशात एक टेस्टर आणि हार्मोनियमची एक सुटी पितळी पत्ती. ती ओठात धरून फुंकली की काळी चारचा सूर निघायचा. बसमध्ये, दवाखान्यात, प्राचार्यांच्या केबिनमध्येसुद्धा ते ती मध्येच फुंकत आणि समोरच्या माणसाला सांगत, "तुमी काळी एकमध्ये बोलता साहेब. रागावले का काळी दोन." तरुणपणापासून ते भीमगीतांच्या एका गायन पार्टीत पेटी वाजवायचे. एप्रिल महिन्यात सर कुणाला भेटत नसत. गावोगाव जयंतीचे कार्यक्रम असत. आसपासच्या भजन मंडळांच्या पेट्याही त्यांच्याकडेच सुरात लावायला येत. त्यांच्या कानाबद्दल कुणाला शंका नव्हती.

त्या पार्टीचा गायक खर्रा खायचा. आमच्याकडे कोण खात नाही? सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा आणि दिवसभर गालात ठेवायचा. त्याचा घसा बसला तो उठलाच नाही. शेवटी डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. गळ्याला खाली एक भोक, श्वास तिथून. तोंड हलायचं, जीभ हलायची, आवाज नाही. सरांनी त्या दिवसापासून खर्रा सोडला, पण पन्न्या सोडल्या नाहीत. छोटे स्क्रू, कॅपॅसिटर, तारांचे तुकडे ते खर्र्याच्या रिकाम्या पन्नीत रबर लावून ठेवत. एकदा धानोऱ्याच्या रस्त्यावर नाक्यावर पोलिसांनी त्यांची पिशवी उघडली. आत पन्न्याच पन्न्या, तारा, बॅटऱ्या आणि प्लास्टिकच्या पाइपाचे तुकडे. आमच्या जिल्ह्यात तारा, बॅटरी आणि पाइप एका पिशवीत सापडणं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगत नाही. दोन तास बसवून ठेवलं. शेवटी सरांनी पाइपाचा एक तुकडा हवालदाराच्या गळ्याला लावला आणि म्हणाले, "आता आवाज न काढता नुसतं तोंडानं आपलं नाव घ्या." हवालदाराने घेतलं. नाव ऐकू आलं. तो इतका खूश झाला की त्याने बायकोचंही नाव घेतलं.

तीच सरांची डबी. सगळे तिला बोलती डबी म्हणत. पाण्याच्या पाइपाचा वीतभर तुकडा, त्यात जुन्या स्पीकरची कॉइल, पुढे थरथरणारी चकती, मागे मोबाईलची बॅटरी, बाजूला एक बटन. जबड्याखाली दाबून धरली की चकती गुणगुणते, ती गुणगुण तोंडात उतरते आणि जीभ-ओठ त्याचे शब्द करतात. विकतचं असं यंत्र इथल्या माणसाच्या हाताबाहेरचं. सरांना इंटरनेटवर त्याचा एक नकाशा सापडला होता, कुणा अनोळखी माणसाने सगळ्यांसाठी खुला ठेवलेला. सरांनी त्यात बदल केले आणि तो परत तिथेच ठेवला. त्याचं इंग्रजी मी लिहायचो.

"चुका बी टाक," ते म्हणायचे. "आधी चुका टाक."

म्हणून आमच्या नकाशावर सगळ्यात वर 'काय चुकलं' असा रकाना असे. कोणती बॅटरी फुगली, कोणत्या गोंदाने चकती बसली नाही, कोणाच्या मानेला पुरळ आलं. त्यापुढे, ज्याच्या हातून चुकलं त्याचं नाव. नकाशाची एक घडी प्रत्येक डबीच्या आतही कोंबलेली असे. "डबी उघडली का नकाशा दिसला पायजे," ते म्हणत. "मी उद्या मेलो तं कोणी बी दुरुस्त करन."

हे सगळं इतरही कुणी केलं असतं. सरांचं वेडेपण पुढे होतं. बाजारातली यंत्रं सगळ्यांना एकच आवाज देतात, याचा त्यांना भयंकर राग. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते दवाखान्यात जायचे आणि माणसाचा उरलासुरला आवाज मोबाईलमध्ये भरून घ्यायचे. गळा किती का बसलेला असेना, पट्टी जात नाही, असं त्यांचं म्हणणं. ते त्याला बैल हाकायला सांगत, कोंबड्या बोलवायला सांगत, बायकोला हाक मारायला सांगत. मग घरी पेटीवर ती पट्टी शोधून डबीची गुणगुण तिथे लावत. नकाशाच्या घडीवर लिहीत: नाव, गाव, पट्टी, आवाज कोणी घेतला.

डबी देतानाही एक रीत होती. पहिला शब्द शिवी असली पाहिजे. लोक हात जोडून धन्यवाद म्हणायला जायचे. सर चिडायचे. "धन्यवाद हातानं बी होते. शिवीले आवाज लागते. दे शिवी!" एका म्हाताऱ्याने त्यांनाच अशी कडक शिवी दिली होती की अख्खा वॉर्ड हसला. सर डायरीत लिहीत होते, 'र स्पष्ट.'

शेवंताबाई धानोऱ्याकडच्या एका खेड्यातली. धानाची थोडी शेती, उन्हाळ्यात मोहफुलं, तेंदूपत्ता. तिचं ऑपरेशन चंद्रपूरला व्हायचं होतं. नेमके सर तापाने फणफणले होते. त्यांनी मला बोलावलं.

"उद्या सकाळी तिले आत नेणार आहेत, जुनिअर. आज संध्याकाळी पोच. एकदा गेला का हा आवाज परत नाई येत."

"हाव सर," मी म्हटलं.

त्या दिवशी मूल गावी माझ्या मेव्हणीचा साखरपुडा होता. वाटेवरच होतं. जेवून निघू म्हटलं. मग सासऱ्यांनी थांबवलं, मग पत्ते निघाले. सकाळी लवकर जाऊ म्हटलं. चंद्रपूरला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. सिस्टर म्हणाली, "त्यांना केव्हाच आत नेलं."

मी बाहेर आलो. समोर चहाची टपरी होती. टपरीवाली बाई शेवंताबाईच्याच वयाची, बोलणंही आमच्याच भागातलं. मी चहा घेतला. दुसरा घेतला. मग मोबाईल काढला.

"बाई, थोडं बोलाल का यात? कोंबड्या बोलवता तसं. अन् घसा बसल्यावानी बोला."

"काऊन जी? नाटक आहे का?"

"हाव," मी म्हटलं. "नाटकच आहे."

ती लाजली, हसली आणि मग घोगऱ्या आवाजात तिने तिच्या कोंबड्या बोलावल्या. सुंदर बोलावल्या. गडचिरोलीला येऊन मी तो आवाज सरांच्या हातात दिला. तापातही त्यांनी तो तीनदा ऐकला. "काळी तीन," ते म्हणाले. "गोड आहे. एवढ्या आजारात बी गोड आहे." घडीवर लिहिलं: शेवंताबाई, काळी तीन. आवाज कोणी घेतला, तिथे माझं नाव.

जखम भरल्यावर दोघं नवरा-बायको सरांच्या घरी आले. शेवंताबाई बारीक, काटक, मानेला पांढरा रुमाल. नवरा अबोल. जुनिअरने दवाखान्यात जाऊन आणला असं सांगून सरांनी आधी त्यांना तो भरून घेतलेला आवाज ऐकवला. शेवंताबाईने माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. नाही.

सर हसले. "सगळेच असंच म्हणतात, बाई. आपला आवाज आपल्याले बाहेरून कुठी माहीत असते?"

हे खरंच होतं. प्रत्येक जण स्वतःचा आवाज ऐकून नाही म्हणायचा. मी इतके दिवस त्याच भरवशावर होतो.

सरांनी डबी तिच्या जबड्याखाली लावली, बटन कसं दाबायचं ते दाखवलं. "आता एक शिवी देजो. कोणाले बी."

तिने बटन दाबलं. डबी गुणगुणली. तिने माझ्याकडे बोट केलं आणि तीन शब्द बोलली. पहिले शब्द नेहमीच तुटके असतात, लवकर कळत नाहीत. सर पुढे वाकले. "काय? पुन्हा?" तिने पुन्हा तेच म्हटलं. मला पहिल्यांदाच स्पष्ट कळलं होतं.

हा आलाच नाई.

"पाणी मागतात वाटते," मी म्हटलं आणि आत जाऊन पेला भरून आणला.

तिने पेल्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग डबी सावकाश टेबलावर ठेवली आणि रुमाल नीट केला. दुसरा शब्द ती बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

नवरा एवढंच म्हणाला, "सर, हा तिचा आवाज नाई. घरात कोणी पाहुणी आल्यावानी वाटन."

सरांना ते फार लागलं. त्यांनी डबी ठेवून घेतली. पुढच्या महिन्यांत ते तीनदा त्या गावी गेले, माझ्या स्कूटरवर, मांडीवर पेटी घेऊन. नवऱ्याला समोर बसवून एकेक पट्टी वाजवायचे. "ही? का ही?" नवरा डोळे मिटून ऐकायचा. "थोडा वर होता जी. नाई, एवढा नाई." सर गुणगुण वर चढवायचे आणि घरी येऊन पुन्हा माझ्या मोबाईलमधला आवाज ऐकून खाली आणायचे. नवऱ्याच्या आठवणीपेक्षा त्यांचा भरलेल्या आवाजावर विश्वास. "आठवण बदलते, जुनिअर. हे बदलत नाई." शेवंताबाई प्रत्येक वेळी दारात बसून आमच्याकडे पाहायची. मला चहा द्यायची, सरांना द्यायची. कुणाला बोलवायचं असलं की ताटलीवर चमचा वाजवायची. तिसऱ्या वेळी सर डबी तिथेच ठेवून आले.

परतताना पोटेगावच्या अलीकडे त्यांनी मला स्कूटर थांबवायला लावली. उतरले. पितळी पत्ती ओठात धरून फुंकली. पुन्हा फुंकली. मग ती पुसून खिशात ठेवली.

"जुनिअर, ही काळी चारच हाये ना बे?"

"मला कुठे कळतं सर?"

"माहा कान गेला," ते म्हणाले. "नवरा सांगते वर, मले ऐकू येते खाली. बाई काय बोलली ते बी मले समजलं नव्हतं, तुले समजलं. कान गेला माहा."

दोन्हीकडे सागाचं रान, रस्त्यावर आम्ही दोघंच. यापेक्षा सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हटलं, "वय झालं सर. होते असं."

हे मी म्हटलं. चहाच्या टपरीवर केलं ते भीतीने केलं. हे मी पूर्ण शुद्धीत केलं.

आठवड्याभरात त्यांनी टेबल आवरलं. सगळ्या पन्न्या रबर लावून एका पत्र्याच्या पेटीत भरल्या. मला बोलावून म्हणाले, "शेवटचं इंग्रजी लिहून दे. 'काय चुकलं' मध्ये टाक, का बनवणाऱ्याचा कान गेला. पट्टी चुकीची लागते. त्याच्या हातची डबी कोणी घेऊ नये. नाव माहं टाक."

मी टाकलं. एकेक अक्षर टाईप केलं, सगळ्या जगाला दिसेल असं खुलं केलं आणि त्यांना मोबाईलवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "इंग्रजी बराबर आहे ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

नंतरही लोक येत राहिले. हेमलकशाकडून एक माणूस दिवसभर बस बदलत आला होता, गळ्याला गमछा. सर त्याला म्हणाले, "नको बापा. मी तुले भलत्याचाच आवाज लावून देईन." तो पाटी-पेन्सिल घेऊन परत गेला. नकाशा खुला होता, डबी मला बनवता येत होती. पण ती पत्र्याची पेटी उघडायची माझी हिंमत नव्हती.

चार वर्षं गेली. मागच्या पावसाळ्यात शेवंताबाईचा नवरा आयटीआयमध्ये मला शोधत आला. तिचं दुखणं उलटलं होतं. ती गेली होती. त्याने पिशवीतून डबी काढली, फडक्यात गुंडाळलेली.

"तांदळाच्या कोठीत ठेवली होती तिनं. सरांले देजा. कोणाच्या कामी येईन."

मी घेतली. तो जायला वळला आणि थांबला.

"ती हातानं सांगे मले," तो म्हणाला. "तुमी आलेच नव्हते म्हणून. घड्याळ दाखवे, दार दाखवे. मी त्या वेळी पैशासाठी गावी होतो. मी म्हणो, सरकारी नोकरीतला माणूस आहे, तो कायले खोटं बोलन? लय भांडलो मी तिच्याशी त्याच्यावरून. तिले बोलता येत नव्हतं, लिहिता बी येत नव्हतं, म्हणून मीच जिंको."

त्याने मला, तुम्ही आला होतात का, असं विचारलं नाही. मी मान खाली घालून म्हटलं, "मी आलो नव्हतो, भाऊ." त्याने रिकामी पिशवी गुंडाळली. "हाव," म्हणाला. "तिनं सांगितलंच होतं." आणि गेला.

त्या संध्याकाळी मी डबी उघडली. आत घडी होती. सरांचं टपोरं अक्षर, पट्टी तीनदा खोडून पुन्हा लिहिलेली. माझं नाव मात्र एकदाच, न खोडलेलं. मी इंटरनेटवरचा तो रकाना उघडला, कानाची ओळ काढली आणि तिथे जे घडलं ते लिहिलं. नावासह. ते सोपं होतं. तिथे समोर माणूस नसतो.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेलो. ते अंगणात खुर्चीवर बसले होते. गल्लीत नळ आला होता, बायका पाणी भरत होत्या. मी जवळ बसलो आणि हळू आवाजात सुरुवात केली. वाक्य घरून ठरवून आलो होतो.

"काय?" सर म्हणाले.

मी पुन्हा म्हटलं.

"मोठ्यानं बोल, जुनिअर. आता खरंच गेला आहे. डॉक्टरनं कानाचं मशीन सांगितलं, मी नाई म्हटलं. उघडून आतमधी पाहू देत नाईत ते."

तेव्हा मला कळलं की मी कोणती वर्षं खाल्ली. त्यांचा कान चांगला होता ती शेवटची वर्षं.

मी उभा राहिलो आणि ओरडून सांगितलं. साखरपुडा, मूल, साडेअकरा, टपरीवाली बाई, पाण्याचा पेला. नळावरच्या बायका थांबल्या. एकीची घागर भरून वाहत होती, तिने ती सरकवली नाही. "तुमचा कान बरोबर होता सर! नवराही बरोबर होता! आवाजच दुसऱ्या बाईचा होता!"

मी त्यांच्या मांडीवर डबी ठेवली. त्यांनी ती उघडली नाही. अंगठ्याने बटन दाबलं. बॅटरी कधीच संपली होती. तरी ते थोडा वेळ दाबून राहिले.

"मंग तिचा आवाज कसा होता?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. रकाना भरायचा असावा तसं.

"माहीत नाही सर," मी ओरडलो. "मी कधी ऐकलाच नाही. कुठेच नाही तो आता. माझ्यामुळेच तो राहिला नाही. मला माफ करा."

त्यांनी कानामागे हात धरला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी खाली वाकलो आणि त्यांच्या कानाशी, पुन्हा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "मला माफ करा, सर."